काजळी फासलेला पंप

आमची पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, रोह्याजवळच्या वरसे गावचा. लान्स नायक सुनील तिथल्याच जवळच्या कासू गावचा, म्हणजे घरचाच माणूस. डिझेल पंपाची खोली आम्हा दोघांकडे होती. भिंतीपलीकडच्या बंकरमध्ये नऊ जवान राहायचे. काम सोपं होतं. थर्मामीटर गन लांबूनच पंपाच्या बेअरिंगवर रोखायची आणि आकडा कंट्रोलला कळवायचा.

इन्स्पेक्शन म्हटलं की फौज हाताला लागेल ते घासून लख्ख करते. त्या वेळी आम्ही बेअरिंगच्या कव्हरवरचा काळा रंगही खरवडला आणि खालचं लोखंड चमकवलं. साहेब खूश होऊन गेले.

दुपारी गनवर अडतीस आलं. मी निवांत होतो. सुनीलने हवा हुंगली.

"दादा, ग्रीस जळल्याचा वास येतोय. ह्यो आकडा खरा नाय."

चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, उलट आजूबाजूच्या थंड भिंतीच गनला दाखवतो. कोर्समध्ये शिकवलं होतं, पण पॉलिशच्या नादात कुणाला आठवलं नाही. सुनीलने बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, धुराड्यातली काजळी फडक्याने कव्हरवर फासली. मी पुन्हा गन रोखली. एकशे साठ. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, बेअरिंग पेटायला आलंय. बंकर रिकामा करा. ओव्हर."

"रॉजर. तुम्ही दोघं बाहेर या."

मी स्विच बंद केला, तेवढ्यात सील फाटलं. डिझेल उडालं आणि आग भडकली. आगीच्या अलीकडे मी, पलीकडे सुनील आणि डिझेलच्या टाकीचा उघडा व्हॉल्व्ह. माझ्या मागे एक दार होतं, सुनीलच्या पाठीशी दुसरं.

"सुनील, बाहेर!"

"नऊ जण अजून पलीकडं हायत, दादा."

तो व्हॉल्व्हकडे वळला. व्हॉल्व्ह बंद झाला, टाकी वाचली, नऊही जण वाचले. सुनील बाहेर आला नाही.

आता मी रोह्यातल्या एका कंपनीत आहे. चकचकीत पाइपवर आधी काळ्या रंगाचा पट्टा मारतो, मगच मोजतो. पोरं हसतात.

सुनीलच्या तेराव्याला कासूला गेलो होतो. येणारा प्रत्येक जण त्याच्या आईला सांगत होता, त्याला भीती ठाऊकच नव्हती. सगळे गेल्यावर तिने मला विचारलं, "खरं सांग बाबा, भ्याला व्हता का तो?"

"व्हय, काकी. हात थरथरत होते त्याचे."

तिने पदराने डोळे पुसले.

"आगीला लय भ्यायचा रे. चुलीजवळ बी येत नसायचा." मग म्हणाली, "तरी गेला."