रुकय्याबीच्या डाव्या बाजूला

गोंधळली की रुकय्याबी भाजीत दोनदा मीठ घालते. रमजानात तर रोजा, चव कोण बघणार? त्या आठवड्यात बदलापूरच्या तिच्या घरी इफ्तारला जेवणापेक्षा पाणीच जास्त संपलं.

कारण होती सून, नौशीन. उल्हासनगरची, मदरशात शिकलेली. साठीला टेकलेल्या सासूनं कुराणाच्या तीस भागांतले दोन पारे तोंडपाठ केले, तेही तिच्याकडूनच शिकून. आता रुकय्याबीला एकच हौस होती. पुरुष मशिदीत गेले की बिल्डिंगमधल्या बायकांना जमवून घरीच तरावीहची, रमजानातली रात्रीची नमाज पढवायची, म्हणजे आपण इमाम व्हायचं, आणि पाठ केलेलं त्यात म्हणायचं.

"पण अम्मी, मी तुमच्या पाठी नाही पढणार," नौशीन म्हणाली. "हमारे यहाँ औरत की इमामत मकरूह है."

"मकरूह? म्हणजे करू नये असं? अगो, आमच्या कोकणी घरांत आजी पढवायची. पैगंबरांच्या आयेशाबीबी बायकांच्या रांगेत मधोमध उभ्या राहून पढवायच्या, ठाऊक नाय तुला?"

"ठाऊक आहे ना. आमचे जाणते उलमा म्हणतात, वो शुरू का दौर था."

सासू शाफई पंथाची, सून हनफी पंथाची. बीबी तीच, गोष्ट तीच, अर्थ मात्र दोन. रुकय्याबीनं आपल्या मौलानांना विचारलं, ते म्हणाले बेशक पढवा. सुनेच्या मौलानांना फोन लावला, ते म्हणाले नका पढवू. दोघंही प्रेमानं बोलले, हीच तर पंचाईत! एखादा खेकसला असता तर दुसऱ्याची बाजू तरी घेता आली असती. बाईनं शिकवलेलं चालतं, मग पढवलेलं का नाही? गुन्हा होत असेल तर? आणि होत नसेल, तर नुसत्या भीतीनं सोडायचं? बिचारीला काही केल्या कळेना.

शेवटी ती उभी राहिली, बायकांच्या रांगेत मधोमध, डोक्यातला गुंता तसाच ठेवून. नौशीन येऊन डाव्या बाजूला उभी राहिली. पण सासूला इमाम मानून तिच्या पाठी, की आपली वेगळी पढायला? सुरुवातीची फातिहा संपली. कोकणी बायका मोठ्यानं आमीन म्हणाल्या. नौशीन गप्प. हनफी आमीन मनातच म्हणतात, त्यामुळे त्यावरूनही काही समजेना.

पाठ केलेल्या पुढच्या सूरेत रुकय्याबी अडकली. सगळी रांग थांबली. इमाम अडला तर पुढचे शब्द त्याच्या पाठी पढणाराच सांगतो. आपली वेगळी नमाज पढणारा त्यात पडत नाही.

डावीकडून हळूच पुढची आयत आली.

रुकय्याबीनं ती उचलली आणि रडत रडत पुढे म्हणू लागली.