न लिहायची यादी

गल्लीतले लोक त्यांना नंबरवाले काका म्हणत. माणूस डोळे किती बारीक करतो, यावरून ते चष्म्याचा नंबर सांगत आणि मशीन बहुधा त्यांचीच री ओढी.

त्यांच्या दुकानात दर गिऱ्हाइकाचं एक कार्ड असे. लेकीनं कार्डांवरचे पत्ते कॉम्प्युटरवर चढवले आणि जुन्या गिऱ्हाइकांना मेल जाऊ लागले : ‘दोन वर्षं झाली. नंबर तपासून घ्या.’

एका बाईंनी कळवलं, मला मेल नकोत. काकांनी तत्परतेनं कॉम्प्युटरमधून त्यांचं नाव पुसलं. महिन्याभरानं लेकीनं कार्डं पुन्हा चढवली. बाईंचं कार्ड खणात होतंच, मेल गेला. पुन्हा नकार, पुन्हा पुसणं, पुन्हा मेल. आता बाईंनी लिहिलं : ‘नको म्हटल्यावर पाठवणं कायद्यात बसत नाही. यापुढे तक्रार करीन.’

दुकान लेकीच्या नावावर होतं. जबाब तिला द्यावा लागणार होता.

“बाबा, पुसलं की कॉम्प्युटरला त्या नव्याच वाटतात. नाव ठेवायचं, पण वेगळ्या यादीत. ज्यांना लिहायचं नाही त्यांच्या.”

“म्हणजे ज्यांना आपण नकोय, त्यांनाच जपायचं?”

“हो. कायमचं.”

“तुझ्या आत्यासारखं झालं हे. अबोला कुणाकुणाशी, ते तिला तोंडपाठ.”

यादीत बारा नावं जमली. काका ती रोज उघडून बघत. बाकीच्यांचं ठीक, पण या बाईंनी अकरा वर्षांत चार चष्मे नेले होते. बिनसलं कुठे?

“एकदा विचारू का त्यांना?”

“बाबा! तोही मेलच होईल.”

एका दुपारी एक बाई आत आल्या.

“बसा. पहिल्यांदाच येताय?” काकांनी विचारलं.

“मीच ती, तक्रारवाली. नाव काढलंत का, बघायला आलेय.”

काका बघतच राहिले. चष्म्याशिवाय हा चेहरा त्यांना ओळखूच आला नव्हता. लेकीनं स्क्रीन वळवली.

“अहो, नाव आहेच की माझं!”

“तुम्हाला लिहायचं नाही, हे लक्षात राहावं म्हणून,” ती घाईनं म्हणाली.

बाईंनी उभ्या उभ्या, डोळे न ताणता यादी वाचली होती. काकांना राहवेना.

“चष्मा सुटला?”

“ऑपरेशन केलं. सहा महिने झाले.” बाईंचा आवाज उतरला. “तुमचा मेल आला की धस्स होतं. वाटतं, यांना काहीतरी कळलंय. नंबर परत येतोय.”

काकांनी मशीनपुढची खुर्ची पुढे ओढली. “चार चष्मे माझ्याकडून नेलेत. एवढं बघू द्या.”

बाई जरा घुटमळल्या, मग बसल्या. काकांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला.

“नाही आलेला.”

बाईंनी श्वास सोडला. “तक्रार राहू दे,” लेकीकडे बघून त्या म्हणाल्या.

“वर्षानं पुन्हा तपासा हं,” काका म्हणाले. “मी आठवण कर…” आणि त्यांनी जीभ चावली.

बाई हसल्या. “माझी मी येईन.”