पाळण्याशेजारचं चित्र

कुसुममावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदरगंजच्या ऑफिसात होते. पहिला विचार आला तो रांगोळीचा. सख्खी शेजारीण गेली आणि आपल्याला हे सुचावं, याची अजून लाज वाटते…

आमच्या नया बाजारात चैत्रांगण हाताने काढणाऱ्या त्या शेवटच्याच. गेरूने सारवलेल्या जमिनीवर देव्हारा, सूर्य-चंद्र, कासव, पाळणा अशी पन्नासेक चित्रं त्यांच्या चिमटीतून भराभर उतरायची. बाकी घरांतून आता छापील स्टिकर चिकटतात. या हिंदी मुलखात आपली मराठी घरं विरघळत चालली, निदान एवढं तरी टिकवू, म्हणून मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. एकेका चित्राचं नाव लिहून घेतलं. पाळण्याशेजारी त्या एक आकार काढायच्या, काही रेघा, एक वळण, एक टिंब. "हे काय आहे, मावशी?" "मला पता नाही, बेटा. आई काढायची, म्हणून मी काढून राहिली." मी कसली ऐकते. वहीतली रिकामी जागा मला सहन होईना. चार दिवस पिच्छा पुरवून शेवटी मीच म्हटलं, "फणी असेल का?" "असेल. लिहून टाक फणी." बहुधा कंटाळल्या होत्या. मी नाव लिहिलं आणि घरी येऊन नावाप्रमाणे सुबक फणी रेखाटली.

पुढच्या चैत्रात मावशींनी तिथे खरोखरच फणी काढली, अगदी दात्यांसकट. "तुझ्या वहीत आहे ना, मग तसंच पाहिजे," म्हणाल्या. मी खूश झाले.

यंदा त्यांच्याकडे सण नाही, म्हणून मी माझ्या अंगणात चैत्रांगण काढलं. पाळण्याशेजारी हात अडला. रेघा तीन होत्या की चार? टिंब वर की खाली? डोळे मिटले तरी फणीच दिसत होती. शेवटी तीच काढली. ते पाहून मावशींच्या सुनेला रडू आलं. "बिलकुल आईंच्या हातचं वाटतं," म्हणत तिने फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी टिकवलं की पुसलं, मला खरंच कळत नाही. कधी वाटतं, त्यांच्या आईनेही असंच कुणाचं तरी ऐकलं असेल… मग वाटतं, ही माझी पळवाट.

मावशींच्या दारातल्या चैत्राच्या हळदीकुंकवाचा, माझ्या वहीआधीचा जुना फोटो कुणाकडे असेल, तर कृपा करून शोधा. माणसं पुसट झाली असली तरी चालेल. त्यांच्या पायांशी काय काढलंय, तेवढंच मला पाहायचंय.