पावत्या कोऱ्या झाल्या, पण आज माणसं भेटली

मंडळी, आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

टेक्सासमधल्या फ्रिस्कोतलं आमचं घर बांधून झालं आणि लगेच नितीनची, माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली. घराचे नळ, सिंक, दिवे आम्ही स्वतः विकत घेतले होते. शेजारचे कुलकर्णीकाका रिटायर्ड अकाउंटंट. ते म्हणाले, "अगं, त्यावर भरलेला सेल्स टॅक्स इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये क्लेम करता येईल, तेवढेच पैसे वाचतील. पावत्या काढ."

काढल्या, तर गॅरेजमधल्या उकाड्यानं शाई उडून सगळ्या कोऱ्या!

दुपारी रडवेली होऊन, जिथून सामान घेतलं होतं त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या आजींना सगळं सांगितलं. त्या माझ्या कार्डावरून एकेक खरेदी शोधून प्रिंट काढू लागल्या. मागे रांग वाढली. मी सॉरी म्हणाले, तर मागचे गृहस्थ म्हणाले, "टेक युवर टाइम." आजी हळूच म्हणाल्या, "माझ्याही नवऱ्याची नोकरी गेली होती, हनी. निघतात ते दिवस."

घरी येऊन नितीनला हे सांगितलं. तो उठला आणि दोघांसाठी चहा टाकला. कित्येक दिवसांत तो असा आपणहून उठला नव्हता.

तुम्हाला अडचणीत कुणी अनोळखी माणसानं असं सावरलंय का?