पाटकऱ्याचं पाणी

काकासाहेबांनी तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून काढली. कुणाच्या शेताला कधी आणि किती तास पाणी सोडायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि सख्ख्या भावालाही पाच मिनिटं जास्त मिळायची नाहीत. अशा माणसाला आता घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं नगरच्या दवाखान्यात सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोचं, लंकाबाईंचं, डोकं पार चक्रावलं.

अर्धांगाचा झटका येऊन दहा दिवस झाले होते. उजवी बाजू लुळी, जीभ जड. सांगणारी होती सृष्टी मॅडम, गिळण्याचा इलाज करणारी. गिळण्याचाही इलाज असतो, हेच लंकाबाईंना नवं होतं. सृष्टीनं काकासाहेबांना ताठ बसवलं, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि चमचाभर पाणी पाजलं. मग ‘आ’ म्हणायला लावलं. आवाज ओला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा आला.

“आजी, आवाज ओला आला म्हणजे पाणी घशातच राहिलं. पाणी पातळ असतं, ते पळतं. घशातलं झाकण मिटायच्या आत श्वासाच्या नळीत उतरतं. ही पावडर कालवून दह्यासारखं घट्ट करायचं. हनुवटी छातीकडे, आणि एका वेळी एकच चमचा.”

“आन् भाकर?”

“भाकरी इतक्यात नको. वरणभात अगदी घोटून द्या.”

लंकाबाईंनी मान डोलावली, पण कळलं काडीचं नाही. सासूबाईंच्या दुखण्यात त्यांनी महिनाभर पातळ पेज पाजून म्हातारीला उठवून बसवलं होतं. आजारी माणसाला पातळच द्यायचं, हे सगळ्या राहुरी तालुक्याला ठाऊक. आणि ही नातीच्या वयाची पोर म्हणते, पाणी घट्ट करा! पण शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायची त्यांना लाज वाटली.

रविवारी धाकटे दीर भिमाजी भेटायला आले. दवाखान्याच्या पाण्याला चव नसते, म्हणून त्यांनी मळ्यातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. पाणी का देत नाही ते ऐकून त्यांचा आवाज चढला. “वहिनी, तहानेनं मारता का माझ्या भावाला?” शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. लंकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिमाजी एसटीला गेले. बाटली मात्र खिडकीत राहिली आणि काकासाहेबांची नजर तिच्यावरून हलेना. शेवटी त्यांनी डावा हात तिकडं केला. लंकाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, मानेखाली हात घालून त्यांना उचललं आणि दोन घोट पाजले. ठसका लागला नाही. काकासाहेबांनी समाधानानं डोळे मिटले. ‘उगंच भ्या घालतात,’ लंकाबाईंनी मनाशी म्हटलं, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

मंगळवारी काकासाहेबांना ताप चढला. छातीत घरघर लागली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात सूज आहे, जिवावर बेतू शकतं. सृष्टी तडक आली.

“पाणी कुणी पाजलं?”

लंकाबाईंची नजर खिडकीकडं गेली. ठसका तर लागला नव्हता! मग ताप पाण्याचा कसा असेल? आणि पाण्याचाच असेल, तर आपणच आपल्या माणसाला…

तेवढ्यात काकासाहेबांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. “मीच… घेतलं,” ते म्हणाले. झटका आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं धड वाक्य, आणि तेही खोटं.

सृष्टीनं त्यांच्या लुळ्या हाताकडं पाहिलं, मग लांबच्या खिडकीतल्या बाटलीकडं. “ठसका लागला होता?”

“न्हाई वो, अजिबात न्हाई!” लंकाबाई बोलून गेल्या आणि आपणच आपल्याला पकडून दिलं हे त्यांच्या ध्यानात आलं. पदर तोंडाशी गेला. “म्याच पाजलं, बाई.”

सृष्टी रागावली नाही. “आजी, त्यांच्या घशाला कळतच नाही पाणी चुकीच्या वाटेनं गेल्याचं. ठसका लागला असता तर बरं झालं असतं.”

ठसका लागलेला बरा! लंकाबाई आणखीच गोंधळल्या. पण पावडरचा डबा त्यांनी उशाशी आणून ठेवला.

तीन आठवड्यांनी काकासाहेब घरी आले. भिमाजी तांब्या भरून हजर. “आता तरी घोटभर द्या.”

लंकाबाई वाटीत चमचा ढवळत होत्या. पाणी वाईट आणि दही चांगलं का, हे त्यांना अजूनही पुरतं उमगलं नव्हतं.

“भाऊजी, एकदा दिलं. आन् आळ ह्यांनी आपल्या अंगावर घ्येतला. आता तुमी कायबी म्हना, म्या न्हाई द्यायची.”

काकासाहेबांनी हनुवटी छातीला लावली. चमचा घेतला, गिळला, आणि कुणी न सांगता ‘आ’ म्हणाले. लंकाबाईंनी कान त्यांच्या तोंडाशी नेला. आवाज कोरडा होता. त्यांनी दुसरा चमचा भरला.