अख्तरबानूंचा एकहाती कारभार

नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत अख्तरबानू तळमजल्यावर राहतात. त्यांचे यजमान रज्जाकभाई पुस्तकांची बांधणी करायचे. अर्धांगाचा झटका आला आणि दुकान मुलाकडे, अल्ताफकडे गेलं. तरी रोज संध्याकाळी अख्तरबानू त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून दुकानात नेत. तिथे ते चालत्या हाताने कागद चाचपत, अल्ताफच्या चुका काढत. तेवढंच जगणं उरलं होतं. दारातल्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरावी म्हणून अल्ताफने सिमेंटचा उतार करून घेतला होता.

शरच्चंद्रराव वरच्या मजल्यावर. राजकीय विश्लेषक म्हणून टीव्हीवर दिसतात. निवडणुका म्हणजे वेळेचा अपव्यय, देश एका खमक्या माणसाच्या हाती द्या आणि वीस वर्षं त्याला काही विचारू नका, हे त्यांचं म्हणणं. परदेशातल्या हुकूमशहांचे पूल आणि रस्ते ते असे सांगत, जसं कोणी जावयाचं कौतुक सांगावं. मीही ऐकायचे, पोळ्या लाटता लाटता.

सोसायटीचे अध्यक्षही तेच. वार्षिक सभा ते रविवारी दुपारी दोनला ठेवत. पुण्यात त्या वेळी जागं कोण असतं? गणसंख्या भरायची नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि त्यानंतर हजर असतील तेवढ्यांत कामकाज. अशाच एका सभेत त्यांनी ठराव करून घेतला की अध्यक्षांचा निर्णय अंतिम, वर्षभर कोणाला विचारायचं कारण नाही. त्याच अधिकारात त्यांनी उतार फोडला. त्यांची नवी गाडी आत वळत नव्हती.

अख्तरबानू वर गेल्या तेव्हा मी जिन्यात होते.

"साहेब, निदान सभेत विचारा सगळ्यांना."

"बानूताई, सगळ्यांना विचारत बसलं की काही होत नाही. सवय होईल तुम्हाला."

अल्ताफने वडिलांना एकदा उचलून नेलं. रज्जाकभाई म्हणाले, मी पोतं नाही. मग ते खिडकीतच बसू लागले. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा. आधी दुकानाचं विचारत, पुढे तेही थांबलं. जेवण निम्म्यावर आलं. अख्तरबानू कोणाला उणा शब्द बोलल्या नाहीत. नमाज पढायच्या आणि गप्प राहायच्या. ते गप्प राहणं मला बरं वाटत नव्हतं.

पुन्हा वार्षिक सभा आली. दोन वाजता खाली अख्तरबानू, मी आणि सचिव दीनानाथ. शरच्चंद्ररावांनी सभा तहकूब केली, "अर्ध्या तासाने येतो" म्हणाले आणि वर गेले. त्यांच्याकडे श्रीखंड होतं त्या दिवशी.

अर्धा तास झाला. दीनानाथ म्हणाले, "बोलावून आणू का?"

"झोपलेल्या माणसाला उठवू नये," अख्तरबानू म्हणाल्या.

अध्यक्षपदासाठी मी त्यांचं नाव सुचवलं. दीनानाथांनी जिन्याकडे एकदा पाहून अनुमोदन दिलं. अधिकाराचा ठराव आणखी एक वर्ष पुढे चालू, तोही मंजूर. शरच्चंद्रराव चहा घेऊन खाली आले तेव्हा खुर्च्यासुद्धा उचलून झाल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी गवंडी लागला. नवा उतार चांगला ऐसपैस, थेट शरच्चंद्ररावांच्या गाडीच्या जागेतून.

"हे चालणार नाही. सभा बोलवा. लोकांना ठरवू दे."

"लोकांना काय कळतं, साहेब? तुम्हीच सांगता टीव्हीवर."

"अहो, ते देशाबद्दल."

"देशाला मोठा खमका माणूस लागतो. सोसायटीला माझ्याएवढा पुरतो."

"निदान माझी बाजू तरी ऐकून घ्या."

"ऐकली की. सवय होईल तुम्हाला."

मग शरच्चंद्रराव खास सभेच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला दारोदार फिरू लागले. माझ्याकडेही आले. "कुसुमताई, मत देणं हा आपला हक्क आहे," म्हणाले. मी दिवा लावत होते. म्हटलं, देवापुढे आहे, नंतर या. नंतर आले तेव्हा मी जपाला बसले होते. हल्ली माझा जप लांबतो.

गाडी आता रस्त्यावर झाडाखाली असते. कावळे तिच्यावर जे करायचं ते करतात. एकदा पोलिसांनी उचलूनही नेली. तेव्हा अल्ताफलाच राहवेना.

"अम्मी, झालं ना आता? सभा बोलवा, त्यांना कोपऱ्यातली जागा द्या."

"तुझे अब्बा जितके दिवस खिडकीत बसले, तितके यांचे होऊ देत. मग बोलवीन. एक दिवसही आधी नाही."

रज्जाकभाई पुन्हा दुकानात जातात, पुन्हा अल्ताफला बोलतात. रोज संध्याकाळी शरच्चंद्रराव गाडी कुठे लावावी म्हणून फाटकापाशी घुटमळत असतात, नेमकी त्याच वेळी अख्तरबानू खुर्ची बाहेर काढतात. उताराच्या मधोमध थांबतात. रज्जाकभाईंची शाल नीट करतात, टोपी नीट करतात, पुन्हा शाल. शरच्चंद्रराव बाजूला उभे राहून वाट पाहतात.

मी एकदा विचारलं, "इतका वेळ लागतो का हो शालीला?"

"नाही लागत," अख्तरबानू म्हणाल्या.