हॉलमध्ये दूध उतू गेलं त्याची हकीकत

त्या दिवशी इथं परदेशात, वेंटवर्थव्हिल या उपनगरातल्या हॉलमध्ये आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा, सून, आमच्या नाटक मंडळाचा सेक्रेटरी, आणि ज्या ट्रस्टचा तो हॉल त्या ट्रस्टची म्हातारी बाई, काठीवाली. म्हातारी म्हणजे माझ्याच वयाची, पण मला अजून काठी लागत नाही.

मंडळाला स्वतःची जागा नव्हती. तालीम कधी शाळेत, कधी कौन्सिलच्या हॉलमध्ये. भाडं वाढलं की निघा, परीक्षा आली की निघा. सगळा सेट क्वेकर्स हिलला आमच्या घरच्या गॅरेजमध्ये. गाडी बाहेर उन्हात आणि राजाचं सिंहासन आत सावलीला.

माझं आयुष्य तसंच गेलं. नवरा लवकर गेला, मग पोराला घेऊन भाड्याच्या खोल्या बदलत राहिले. मालक म्हणेल तेव्हा भांडी बांधायची. त्याचं आता काही वाटत नाही. मंडळाचं वाटायचं. इथं मला पोटभर मराठी बोलायला ती तालीमच. मी कपडे शिवते आणि कोण वाक्य विसरला ते मोठ्यांदा सांगते. ही जागा नाही मिळाली तर मंडळ बंद, असं ठरलं होतं.

ट्रस्टला हॉल कायमचा, परवडेल अशा भाड्यात, कला करणाऱ्यांना द्यायचा होता. मागणारे पुष्कळ.

सेक्रेटरी आयटीतला. भिंतीवर प्रेझेंटेशन दाखवत होता. बाई जांभई दाबत होती. मी हळूच मागच्या किचनमध्ये गेले. पातेलं आणि दूध घरूनच आणलं होतं. नव्या जागेत शिरलं की दूध उतू घालायचं, आमच्यात तसंच. जागा अजून मिळाली नव्हती, पण म्हटलं, आधी घालून ठेवू, मग तिला नाही म्हणायला जड जाईल.

मुलगा डोकावला. "आई, काय करतेयस? मीटिंग चालू आहे."

"चहा."

दूध उतू गेलं, धूर झाला, छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. सेक्रेटरी धावत आला, खुर्चीवर चढून फाइलीनं वारा घालायला लागला. "काकू, अहो अजून लीज झालं नाही. आता तर होतच नाही."

"तू वारा घाल."

बाई काठी टेकत आली. सून इंग्लिशमधून सॉरी सॉरी करत सुटली. मी म्हटलं, "सॉरी नको. तिला सांग, जिथं कायमचं राहायचं तिथंच आम्ही दूध सांडतो. त्या शाळेत कधी सांडलं नाही."

सुनेनं सांगितलं. बाईनं शेगडीकडे बघितलं, काहीतरी बोलली. सून हसू दाबत म्हणाली, "विचारतायत, मग पुसायला पण तुम्हीच राहणार ना?"

"म्हणावं, फडकं कुठंय?"

बाईनं ड्रॉवरमधून फडकं काढून दिलं. उरलेल्या दुधाचा खरंच चहा केला.

पुढे होकार आला. सेक्रेटरी म्हणतो, प्रेझेंटेशनमुळे. म्हणू दे.

लीजमध्ये अट आहे. तिथं नाटक-गाणं चालू आहे आणि लोक येतायत तोवर भाडं वाढणार नाही, कोणी उठवणार नाही. हॉल ओस पडला तर ट्रस्ट परत घेईल. पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगा रिकाम्या होत्या.

म्हणून सांगते, रविवारी दुपारी नाटकाला या. पार्किंग मिळत नाही, ट्रेननं या. आणि आवडलं नाही तरी मध्यंतरात उठून जाऊ नका.